चिकनी बाजू आत

रिसाली, भिलाई
गुरुवार

प्रिय सीमा,

पत्र आलं म्हटल्यावर तुला आधी हसू येईल. हातात फोन असताना पत्र कोण लिहितं, आणि तेही मी, जिचं अक्षर बघून केवलराम मास्तर म्हणायचा की यापेक्षा तुझी मशीन बरी लिहिते. तीन दिवस झाले, कारखान्यातून आले की वही घेऊन बसते, चार ओळी लिहिते आणि फाडते. काल आमच्या यांनी विचारलं, "कोणाले लवलेटर लिहून राहिली म्हातारपणात?" मी म्हटलं, सीमाला. तर ते उठून आत गेले. तुझं नाव निघालं की माझा चेहरा उतरतो, हे त्यांनी चार वर्षांत पाहिलंय, पण कारण त्यांना कधी सांगितलं नाही. तुलाही नाही. फाउंड्रीच्या त्या चौसष्ट पिशव्यांबद्दल मला तुला सांगायचं आहे. फोन केला असता तर तू दुसऱ्याच वाक्याला म्हणाली असतीस, "जाऊ दे ना रमा, झालं ते झालं." आणि मी तर महालबाड, लगेच जाऊ दिलं असतं. आजवर दर फोनला हेच झालं. म्हणून पत्र.

आधी थोड्या इकडच्या बातम्या देते, म्हणजे माझा हात जरा मोकळा होईल. शेडचे पत्रे बदलले, त्यामुळे आता पाऊस बाहेरच पडतो. चंदाला नातू झाला आणि तिने सिविक सेंटरमधून आणलेले पेढे मोजून एकेकच वाटले, सवय काही जात नाही. बेबीताईचे गुडघे गेले, तरी पायाची मशीन सोडायला तयार नाही. केवलराम अजून कापड कापतो, पण आता चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर. कामं वाढली आहेत. सगळ्या भट्टीवाल्यांना धूर दिसायला नको असतो आता, म्हणून पिशव्यांना मागणी फार. काचेच्या धाग्याच्या कापडाच्याही येतात, गरम हवेसाठी. त्या शिवल्या की दोन दिवस अंग खाजतं. खिडकीजवळची मशीन चार वर्षं माझ्याकडे होती. तुझी मशीन. ही बातमी तुला कोणी सांगितली नसेल, म्हणून मीच सांगते.

त्या शेडमध्ये मला तूच आणलंस, सीमा. मी रिसालीत घरी ब्लाउज शिवत होते, आणि बायांच्या "काखेत काचतो" या रडगाण्याला कंटाळले होते. तू म्हणालीस, चल, असे ब्लाउज शिवू जे कधी परत येत नाहीत. पहिल्या दिवशी ती दहा फुटांची पिशवी बघून मी विचारलं होतं, हे कोणत्या हत्तीच्या पायात घालायचं? तू हसत हसत म्हणालीस, "हे अंगात घालायचं नाही बाई, हे धुळीले घालायचं आहे." मग जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर बोटाने काढून मला सगळं समजावलंस. भट्टीतून निघालेली धुळकट हवा पंख्याने एका मोठ्या लोखंडी खोलीत ओढतात, तिथे अशा शेकडो पिशव्या टांगलेल्या असतात, हवा कापडातून पार जाते आणि धूळ मागे राहते. मी म्हटलं, म्हणजे चहाची गाळणी. तू म्हणालीस, नाही, इथेच तर गंमत आहे. नवी कोरी पिशवी सुरुवातीला धूळ सोडतेच. कापडावर धुळीचा पहिला पातळ थर बसला की मग तो थरच पुढची धूळ अडवतो. "धुळीले धूळच अडवते, कापड फक्त तिले बसाले जागा देते." मात्र थर फार जाड झाला तर हवाच जाईना, म्हणून पिशवीला मधूनमधून झटका द्यायचा, की वरची जाड धूळ खाली पडावी आणि पातळ थर राहावा. इतकं सगळं तुला कसं माहीत म्हटलं, तर म्हणे मी विचारते. तू खरंच विचारायचीस. पिशवी न्यायला कोणी इंजिनियर आला की आम्ही पदर सावरून मशीनकडे बघत बसायचो, आणि तू त्याला चहाचा कप देता देता तीन प्रश्न विचारून घ्यायचीस.

आणि सगळ्यात पहिला धडा तू दिलास तो बाजूचा. या कापडाची एक बाजू आचेवरून फिरवून चिकनी केलेली, दुसरीवर लव. धूळ नेहमी चिकन्या बाजूकडून आली पाहिजे, कारण चिकन्यावरून ती झटक्याबरोबर सुटते आणि लवेत रुतली तर रुततेच. आपल्याकडे येणाऱ्या सगळ्या पिशव्या अशा असायच्या की आत लोखंडी पिंजरा, धूळ बाहेरून. म्हणजे चिकनी बाहेर. मला हे सोपं गेलं, कारण ब्लाउजालाही सुलटी बाजू बाहेरच असते. माझ्या हातात ते इतकं बसलं की डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळायचं. आणि सीमा, हाताला फार सवय झाली की डोकं विचार करायचं सोडतं. तुझ्या डोक्याने ते कधी सोडलं नाही.

ती फाउंड्रीची ऑर्डर आली तेव्हा त्यांचा म्हातारा इंजिनियर थेट तुझ्याकडे आला होता. त्यांचं यंत्र जुनं, पिंजरा नसलेलं. त्यात धुळीची हवा खालून पिशवीच्या पोटात शिरायची, धूळ आतल्या बाजूला बसायची, आणि नंतर वरचा दांडा हलवून सगळ्या पिशव्या झटकायच्या. त्याने तुला काय सांगितलं ते आम्ही कोणी ऐकलं नाही. नकाशा इंग्रजीत होता आणि तो केवलरामने मापापुरता बघून खिळ्याला अडकवला होता. तू एकटीने त्या चौसष्ट पिशव्या शिवल्यास, आणि प्रत्येकीच्या काठाला तुझी हिरव्या धाग्याची गाठ मारलीस. आपल्याकडे तशीच रीत, जिची पिशवी तिची गाठ. माझी लाल, चंदाची पिवळी.

त्याच आठवड्यात तुझे बाबा गेले. तू मातीला जाऊन आलीस, दहा दिवस कामावर बसलीस, आणि मग तेरवीसाठी तुमसरला निघालीस. त्या दिवसांत तू कशी झाली होतीस ते मला आठवतं. चहा समोर ठेवला तर तो गार होईपर्यंत बघत बसायचीस. एकदा तर सुईत दोरा नसताना मशीन चालवत होतीस. शुक्रवारी ऑटोत बसताना तू मला म्हणालीस, "रमा, त्या फाउंड्रीच्या पिशव्या अशाच राहू देजो. मी मंगळवारी येऊन पाहीन." मी हो म्हटलं. शनिवारी सेठचा फोन आला की गाडी सोमवारी सकाळीच लागणार, गठ्ठे बांधून ठेवा. चावी माझ्याकडे होती. रविवारी दुपारी मी एकटी शेडमध्ये गेले.

पहिली पिशवी उचलली आणि बोटाला लव लागली. बाहेरून. दुसरी पाहिली, तीही तशीच. चौसष्टच्या चौसष्ट. मला वाटलं, बिचारी सीमा, बापाच्या दुःखात हिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, सगळ्या उलट्या शिवून ठेवल्या आणि म्हणून म्हणत होती की येऊन पाहीन. आता गाडी उद्याच जाणार आणि हिची इज्जत जाणार. मग मी पदर खोचला. पिशव्या पलटवायचा तो लांब पाइप आडवा बांधला, एकेक पिशवी त्यावर चढवायची, टोक धरून आतून ओढायची, की ती पलटते. शिवण तीन टाक्यांची, दोन्हीकडून सारखीच दिसणारी, त्यामुळे पलटलेली कोणाला कळणार नाही. संध्याकाळपर्यंत माझे दंड भरून आले. शेवटची पिशवी पलटली तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! घरी जाताना मी भिलाई-3च्या रस्त्यावर पाणीपुरीच्या गाड्याशी उभी राहून एकटीने प्लेटभर गुपचूप खाल्ले, सीमा, आणि मनात म्हटलं, मैत्रीण असावी तर अशी.

त्या पिशव्या उलट्या नव्हत्या. त्या मी उलट्या केल्या.

तू मंगळवारी आलीस तेव्हा माल गेला होता. तू फक्त एवढंच विचारलंस, "तशाच गेल्या ना?" आणि मी म्हटलं, हो, चिंता करू नको. मला वाटलं, तुझ्या दुःखाच्या दिवसांत तुझी चूक तुला कशाला दाखवू. माझा मोठेपणा बघ.

पाच आठवड्यांनी पिशव्या परत आल्या. ओल्या गोधडीसारख्या जड. लवेत धूळ अशी रुतली होती की काठीने बडवली तरी निघेना. त्या लोकांनी सांगितलं की झटके देऊन दांडा मोडला, हवा कोंडली, आणि शेवटी दारांच्या फटींतून धूळ बाहेर येऊन शेजारच्या वस्तीतले दोरीवरचे कपडे काळे झाले. सेठच्या मुलाने खिळ्यावरचा नकाशा काढून वाचला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, चिकनी बाजू आत. त्या क्षणी मला कळलं. तू पुढे होऊन म्हणालीस, मी आतच ठेवली होती. केवलराम हसला, "त कोन पलटिस, भूत?" सगळे हसले. मग तू माझ्याकडे वळलीस. अख्ख्या शेडमध्ये फक्त माझ्याकडे. "रमा, तू त गठ्ठे बांधले. तू पाहिल्या ना? सांग ना यायले."

मी म्हटलं, "मले ध्यान नाही."

तीन शब्द. मी ते तीन शब्द का बोलले याचं एकच कारण असतं तर बरं झालं असतं. सेठची भीती होती, आमचे हे तेव्हा काम सुटून घरी बसून होते, तेही होतं. पण खरं सांगू, सगळ्यात जास्त लाज वाटली ती अडाणीपणाची. दहा बायांसमोर हे म्हणायचं की मला बाजूचं काही कळत नव्हतं, मी ब्लाउजवालीची ब्लाउजवालीच राहिले. तू माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिलीस. त्या बघण्यात राग असता तरी मी सुटले असते. तू तर मान हलवलीस, जशी काही मला समजून घेत होतीस की हो, इतक्या पिशव्यांत हिला कसं ध्यान राहणार.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी ते माझ्या हाताने लिहिणार. तुला काढलं. त्या ओळीतल्या दुसऱ्या दोन शेडमध्ये तू गेलीस, तर तिथे विचारलं, वो उल्टीवाली? पोरं हसायची, त्या शब्दाचे दोन अर्थ काढून. ओकारीचा आवाज करायची तुला बघून. पंधरा वर्षं जिने कधी एक टाका उसवू दिला नाही तिला. तू घराबाहेर पडणं बंद केलंस. राजकुमार भाऊजींनी रेल्वेत अर्ज करून आमगावला बदली मागून घेतली, आणि जाताना तुझी कात्री तू मला देऊन गेलीस. मी घेतलीही. नंतर मी तुला दिवाळीला फोन करायचे, तब्येत विचारायचे, आणि फोन ठेवला की दोन दिवस जेवण जायचं नाही. माझं जेवण गेलं नाही म्हणून तुझं काय भलं झालं, ते मला विचारू नको.

मागच्या शुक्रवारी तुझी भाग्यश्री नर्सिंगच्या परीक्षेला इथे आली. तू तिला सांगितलं होतंस, हॉटेल-बिटेल नको, रमा मावशीकडेच उतर. पोर किती गोड झाली आहे गं. आल्या आल्या पाया पडली, आणि तू पाठवलेले मुरमुऱ्याचे लाडू दिले. रात्री जेवताना मी घाबरत घाबरत विचारलं, आई काय म्हणते? भात कालवता कालवता ती सहज बोलून गेली, "आई आता म्हणते का मीच उलट्या शिवल्या असतीन. बाबा गेले होते तिचे, ध्यान नव्हतं म्हणते. आधी रोज भांडायची सगळ्याइसंग, का मी बरोबर शिवल्या. आता नाही भांडत." आणि मग म्हणाली, बरं झालं, आता ती शांत झाली.

मी ताटावरून उठले. तू शांत झालीस! सीमा, तुझं काम गेलं, गाव सुटलं, नाव गेलं, तरी एक गोष्ट तुझ्याजवळ होती. तुला माहीत होतं की तू बरोबर होतीस. तीही मी खाल्ली. माझंच ते खोटं, तेच "ध्यान नाही", तू उचलून स्वतःच्या अंगाला लावून घेतलंस.

सोमवारी मी सेठपुढे उभी राहून सगळं सांगितलं. चार वर्षं ज्याच्या भीतीने गप्प होते तो माणूस मोबाईलमधून मान वर करून म्हणाला, "कौन सीमा?" मला वाटलं होतं ओरडेल, हाकलेल. त्याला तू आठवलीच नाहीस. मग मी शेडमध्ये येऊन मशीन बंद करायला लावल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चंदा रडली. केवलराम दोन्ही चष्मे काढून बसला. बेबीताईने मला जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण एक शब्दही खोटा नव्हता, आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. खिडकीजवळची मशीन मी सोडली आहे. त्याने काही भरपाई होत नाही, कळतं मला. मी माफीही मागत नाही, कारण तू लगेच देऊन टाकशील आणि पुन्हा मलाच बरं वाटेल.

आता हे पत्र का, ते सांगते. भाग्यश्रीने जाताना दारात सांगितलं की शुगरने तुझे डोळे गेले, आता फक्त उजेड-अंधार कळतो, आणि मला हे कळू द्यायचं नाही अशी तू तिला शपथ घातली होतीस. म्हणजे हे पत्र तू वाचत नाही आहेस, तीच तुला वाचून दाखवते आहे, आणि ज्या मावशीच्या घरी ती उतरली त्या मावशीने काय केलं, हे तिच्याच तोंडून निघालं आहे. मला ते तसंच हवं होतं. भाग्यश्री, बेटा, तू मध्येच थांबली असशील, आईकडे बघून काही ओळी गाळाव्यात असं वाटलं असेल. गाळल्या असशील तर मागे जा आणि वाच. आणि आता हे मोठ्याने वाच. सीमा, त्या चौसष्ट पिशव्या तू बरोबर शिवल्या होत्यास. चिकनी बाजू आत, जशी सांगितली होती तशी. मी माझ्या बोटांनी पाहिलं आहे. बाप गेला होता तरी तुझं ध्यान जागेवर होतं, एका पिशवीतही चुकलं नव्हतं. भाग्यश्री, ती म्हणेल, जाऊ दे, झालं ते झालं, ठेव ते पत्र. तिचं ऐकू नको बेटा. पुन्हा वाच.

तुझीच म्हणायचा हक्क उरला नाही, पण दुसऱ्या कोणाची मी कधी नव्हतेच,
रमा